पूजेला बसलेलं कार्ड

मी एक क्रेडिट कार्ड बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धं कार्ड. माझा डावा तुकडा घंटागाडीतून कधीच गेला. उजवा तुकडा, म्हणजे मी, एका जुन्या शिलाई मशीनच्या खणात राहतो. शेजारी बॉबिनी, खडूचे तुकडे, एक गंजकी सुई आणि चार जातींची बटणं. माझ्या अंगावर आता शेवटचे आठ आकडे तेवढे उरलेत. एवढ्यावर कुठलाही दुकानदार मला ओळखणार नाही. पण गोष्ट सांगायला ओळख पटवावी लागते असं थोडंच आहे.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आम्ही हजारो भावंडं कापून निघालो. अंगावर निळा-चंदेरी रंग चढला, पाठीवर काळी पट्टी बसली. मग एका यंत्राने छातीवर नाव उठवलं. तो ठोका जोरात बसला. पण स्वतःचं नाव मिळालं की कोणालाही बरंच वाटतं. माझ्यावर नाव आलं तृप्तीचं.

तृप्तीने मला मागितलं नव्हतं. दोन हजार चार सालचा उन्हाळा होता. नाशिकच्या कॉलेज रोडवर एका दुकानाबाहेर छत्री रोवून एक टायवाला उभा होता. तृप्ती आणि तिचा नवरा हिरामण गोदूला फ्रॉक घ्यायला आले होते. गोदू त्यांची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. आजीने हौसेने गोदावरी नाव ठेवलेलं, पण ते रेशनकार्डापुरतंच.

"सर, लाइफटाइम फ्री," टायवाला म्हणाला. "मॅडमसाठी जोडकार्ड, तेही फ्री. वर खरेदीवर कॅशबॅक."

"सगळंच फुकट?" हिरामणने विचारलं. "मग तुमच्या कंपनीचं पोट कशावर भरतं?"

"सर, तो कंपनीचा प्रश्न आहे."

दोघंही हसले आणि हिरामणने सही केली. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, पगाराची चिठ्ठी खिशातच होती. त्याच्या नावाचं मुख्य कार्ड आलं, ते त्याच्या पाकिटात झोपी गेलं. मी जोडकार्ड तृप्तीच्या पर्समध्ये गेलो. आमच्यासोबत एक पुस्तिका आली होती, बारीक अक्षरांची, मुंगीला चष्मा लागेल अशी. हिरामणने ती तृप्तीपुढे ठेवली.

"हे तू बघ. तू बी.कॉम. आहेस."

तृप्तीने पहिली दोन पानं वाचली. तेवढ्यात गोदू शिंकली, म्हणून ती थर्मामीटर शोधायला उठली आणि पुस्तिका राहूनच गेली.

हे तिचं नेहमीचंच. बाहेर पडताना गॅस बंद केला का, हे ती तीनदा बघायची. जिन्यापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत यायची. गोदू जास्त झोपली तरी काळजी, कमी झोपली तरी काळजी. लग्नाआधीपासून ती एका पतसंस्थेत नोकरीला होती. गोदू झाल्यावर नोकरी सोडली, आणि तेव्हापासून एक गोष्ट तिला टोचत राहिली. हिरामणने कधी वाकडा शब्द काढला नाही. सासूबाई मालनबाई दिंडोरीहून येऊन-जाऊन असत, त्याही बोलल्या नाहीत. पण दर महिन्याला घरखर्चाचे पैसे हातात घेताना तृप्तीची नजर जमिनीकडे जायची. आपण आता या घरात काहीच आणत नाही, असं तिला वाटायचं. दिवसभर ती काय काय करत होती ते मी पर्समधून ऐकत होतो. पण त्याची पावती कोणी देत नव्हतं ना.

म्हणूनच दुसऱ्या महिन्याच्या बिलात 'कॅशबॅक, शेहेचाळीस रुपये' ही ओळ दिसली तेव्हा तिने त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला.

"हे माझे," ती हिरामणला म्हणाली.

"काय करणार एवढ्या पैशांचं?"

"हसू नका. गोदूला तीनचाकी घेणार मी. माझ्या कमाईची."

कमाई. हा शब्द ऐकून मला अभिमान वाटला होता हे कबूल करतो. तेव्हा मीही लहानच होतो.

इंदिरानगरात त्यांच्या इमारतीखाली कारभारी शेटचं किराणा दुकान होतं. समोर काचेचं मोठं दुकान उघडल्यावर कारभारी शेटनेही कार्ड घासायचं मशीन ठेवलं होतं. मला त्यात ओढताना मात्र त्याचं तोंड दरवेळी आंबट व्हायचं. एकदा तृप्तीने विचारलंच.

"शेट, पैसे तर मिळतात ना तुम्हाला? मग असं का बघता त्याच्याकडे?"

"मिळतात ना, वहिनी. पण शंभरातले दोन बँक कापून घेते. अठ्ठ्याण्णव माझ्या हातात."

"मग ठेवता कशाला मशीन?"

"नाही ठेवलं तर तुम्ही समोर जाल."

"म्हणजे माझ्यामुळे तुमचं नुकसान."

"माझं कशाला? मी काय धर्मशाळा उघडलीय? तेलाला, साखरेला थोडंथोडं वाढवलं. बसतं बरोबर."

तृप्तीच्या मागे पुतळाबाई उभी होती, हातात तेलाची बाटली घेऊन. पुतळाबाई तृप्तीकडे धुण्या-भांड्याला यायची. मूळची पेठकडच्या डोंगरातली, पण वीस वर्षं नाशकात काढलेली. तिने पदराची गाठ सोडून पैसे मोजले.

"आन् मी तर रोख देते ना. मग मलाबी वाढीव का?"

"भाव सगळ्यांना एकच, मावशी."

"असं व्हय," पुतळाबाई म्हणाली आणि बाटली पुढे केली.

मला त्या दिवशी माझ्या घरचा धंदा कळला. कारभारी शेटचे जे दोन रुपये कापले जात, त्यांतला एक तृप्तीला परत मिळे. तोच कॅशबॅक. दुसरा रुपया माझ्या कंपनीच्या खिशात. आणि ते दोन्ही रुपये भरून काढायला पुतळाबाई रांगेत उभी. तिला परत काहीच येत नव्हतं. तृप्तीलाही हे कळलं असावं. वर गेल्यावर तिने पुतळाबाईला चहात जास्तीचं दूध घातलं. माणसं असं करतात. मोठ्या गोष्टीचं काही करता येत नसलं की चहात दूध घालतात.

पुतळाबाईचे पैसे तृप्तीकडेच असायचे. दर महिन्याला पगार घेतला की त्यातले दोनशे ती परत द्यायची. "ठेवा तुमच्यापाशी, ताई. घरी ऱ्हायले की कोन ना कोन मागतंय, आन् मला नाय म्हनता येत नाय." तृप्ती ते एका खाकी पाकिटात घालून कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. खरेदी नसेल तेव्हा मीही त्याच डब्यात राहायचो, त्यामुळे पाकिटाची आणि माझी चांगली ओळख. पंधरा महिन्यांत त्यात तीन हजार जमले. पुतळाबाईची मुलगी सरिता शिवणाचा कोर्स शिकली होती. तिला मशीन घ्यायचं होतं. वरच्या मजल्यावर मासूमा राहायची. तिच्या नवऱ्याचं, खलीलचं, भद्रकालीत टेलरिंगचं दुकान. त्याच्याकडचं एक जुनं पायमशीन तो विकणार होता, बरोबर तीन हजारांना. दिवाळी-ईदची गर्दी सरली की देतो म्हणाला होता.

मग दोन हजार पाचची दिवाळी आली, आणि तिच्याआधी आला माझ्या कंपनीचा एक रंगीत कागद. 'सणासुदीची भेट. वस्तूंच्या खरेदीवर पाच टक्के कॅशबॅक.'

तृप्तीने तो कागद फ्रिजवर लावला आणि दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला युक्ती सुचली. मासूमाला ईदसाठी मिक्सर हवा होता. समोरच्या अक्काबाईंना फ्रिज. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला रंगीत टीव्ही. सगळे रोखीनेच घेणार होते. तृप्ती म्हणाली, रोख मला द्या, दुकानात मी कार्ड देते. तुम्हाला तेवढेच पैसे पडतील, मला पाच टक्के मिळतील.

"आणि तुझ्या बँकेला काय मिळेल गं?" अक्काबाईंनी विचारलं.

"त्यांचा तो धंदाच आहे, अक्का."

नवरात्रात एका दुपारी मी तीनदा घासलो गेलो. एकतीस हजार चारशे. इतकं मोठं ओझं मी कधी उचललं नव्हतं. तृप्तीने कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. पंधराशे सत्तर रुपये. तीनचाकी नऊशेची. उरलेल्यात हिरामणला शर्ट.

बिल आलं. शेवटची तारीख लक्ष्मीपूजनाची. त्या दिवशी बँक बंद, म्हणजे आदल्या दिवशीपर्यंत भरायला हवं. तृप्तीने कॅलेंडरवर दोनदा खूण केली. मासूमाचे आणि अक्काबाईंचे पैसे लगेच आले. टीव्हीवाल्यांचा बोनस झाला धनत्रयोदशीच्या दुपारी, तेव्हा त्यांचे आले. काही हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शरणपूर रोडच्या शाखेत जायचं आणि मोकळं व्हायचं. तिने नोटा चारदा मोजून डब्यात ठेवल्या. मी, पुतळाबाईचं पाकीट आणि एकतीस हजार चारशे, असे आम्ही दाटीने बसलो.

संध्याकाळी मालनबाई दिवाळीसाठी दिंडोरीहून आल्या. त्यांनी देव्हाऱ्यापुढे चौरंग मांडला, धणे-गूळ ठेवला आणि धनाच्या पूजेसाठी कपाट उघडलं. डबा हाती लागला. झाकण निघालं.

"गं बाई. हिरामणचा बोनस?"

तृप्ती स्वयंपाकघरात चकली पाडत होती. ती धावत आली, हाताला पीठ. मालनबाईंनी तोवर नोटा चौरंगावर रचल्या होत्या. पुतळाबाईचं पाकीट त्यांच्याशेजारी. शेवटी मी.

"हेही धनच ना गं?" त्यांनी मला उलटसुलट करून विचारलं.

"हो. म्हणजे, एका अर्थी."

मालनबाईंनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं. तांदूळ पडले. निरांजनाची ऊब लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी नमस्कार केला.

"आता पाडव्यापर्यंत हे हलवायचं नाही हं," मालनबाई म्हणाल्या. "पूजेत मांडलेलं धन घराबाहेर गेलं की वर्षभर जात राहतं."

तृप्तीच्या ओठावर शब्द आला होता. मी समोरच होतो, मी पाहिला. आई, हे पैसे आपले नाहीत. एवढंच म्हणायचं होतं. पण मग कोणाचे, का घेतलेस, कशासाठी, हे सगळं आलं असतं. पाच टक्क्यांसाठी शेजाऱ्यांचे पैसे घेणारी सून. आणि मालनबाई इतक्या आनंदात होत्या. मुलाची भरभराट त्या पदराने वारा घालून बघत होत्या.

तेवढ्यात पुतळाबाई भांडी घासून निघाली होती. दारातून तिला चौरंग दिसला.

"ताई, ते माझं पाकीट ना? माझेबी पैसे पूजेला बसले." तिने चपला बाजूला सारून तिथूनच हात जोडले. "लय बरं वाटलं बघा."

मग तर काही बोलायची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडली, दुपारी बंद झाली. तृप्ती चौरंगासमोरून सतरा वेळा गेली. एकदा नोटांना हातही लावला. लगेच मागे घेतला. मी शिकलेली आहे, असं ती स्वतःशीच पुटपुटली. पण शिकलेल्या बाईच्या घरीही सासू असतेच. तिने बँकेला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, करत करत एक आवाज आला.

"मॅडम, सुट्टी असली तरी तारीख तीच राहील."

"पण पैसे तयार आहेत हो माझ्याकडे. समोर दिसतायत."

"ओके मॅडम. हॅपी दिवाळी."

लक्ष्मीपूजन झालं. नोटा हिरामणनेही पाहिल्या, पण शेजाऱ्यांच्या असणार, तृप्ती बघेल, असं तो समजला, आणि दृष्ट लागेल म्हणून मालनबाईंनी बोनसचं नाव पुन्हा काढलं नाही. पाडव्याला हिरामणने ओवाळणीत साडी घातली. तिने ती नीट पाहिलीही नाही. भाऊबीज झाली. मग ईदची सुट्टी. मासूमाने नव्या मिक्सरवर काय काय वाटलं ते सांगत शीरखुर्मा आणून दिला. मग रविवार. सोमवारी तृप्तीने एकतीस हजार चारशे भरले, नोटांवरचं कुंकू पदराने पुसत. खात्यात ते गुरुवारी दिसले.

पुढचं बिल आलं तेव्हा गोदू झोपाळ्यावर होती आणि तृप्ती तिला एका हाताने झोका देत होती. दुसऱ्या हातात बिल. हळूहळू झोका थांबला.

व्याज होतं, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून. उशीर झाला की पंचेचाळीस दिवसांची सवलत मागचीसुद्धा जाते, हे पुस्तिकेच्या नवव्या पानावर होतं. वर दंड. दंडावर आणि व्याजावर कर. एकूण सोळाशे बत्तीस. आणि कॅशबॅक? तो महिन्याला पाचशेच्या वर मिळतच नव्हता, हे अकराव्या पानावर. उशिरा भरणाऱ्याला तर अजिबात नाही, हे बाराव्या.

त्याच लिफाफ्यात आणखी एक पत्र होतं. 'आपल्यासारख्या मौल्यवान ग्राहकाची उधारीची मर्यादा वाढवण्यात येत आहे.'

तृप्ती त्या पत्राकडे खुळ्यासारखी बघत राहिली. मला मात्र ते समजलं. जो वेळेवर सगळं भरतो, त्याला माझ्या घरी फारसं कोणी विचारत नाही. तृप्ती वर्षभर तसं भरत होती, तेव्हा ती आमच्या बिनकामाची होती. आता ती चुकली, आणि मौल्यवान झाली. हिरामणने त्या टायवाल्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दीड वर्षाने टपालाने आलं होतं.

हिरामणला सांगायची तिची छाती झाली नाही. घरखर्चातून एवढे निघणार नव्हते. आता मात्र एक दिवसही चुकायचा नाही, या भीतीने ती डब्याकडे गेली. पाकिटावर कुंकवाचं बोट अजून होतं. महिनाभरात परत घालीन, असं ती मोठ्याने म्हणाली, जणू मी साक्षीदार होतो. होतोच की. तिने सोळाशे काढले. वरचे बत्तीस तिचे.

पाकीट हलकं झालं. त्या दिवसानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आठवड्याभरात, मंगळवारी, पुतळाबाई हात पुसत आली.

"ताई, खलीलभाईनं उद्या बोलावलंय. दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं म्हने, पन त्यांनी माझ्यासाठी ठिवलंय. उद्याच्याला बुधवारचा बाजार करून तसंच जाऊ म्हनते. सरितानं तर रात्रीच जागा झाडून ठिवली मशीनची."

"उद्या?" तृप्ती म्हणाली.

"व्हय. आज दिले तर बरं."

"संध्याकाळी देते, मावशी."

तिने गोदूचा हात धरला, मला पर्समध्ये टाकलं आणि चौकातल्या एटीएमकडे निघाली. ती काय करणार हे मला कळलं. कार्डावर रोख काढायची म्हणजे फी वेगळी, आणि व्याज त्याच क्षणापासून. एक दिवसाचीही सवलत नाही. तिलाही आता हे माहीत होतं. पुस्तिका तिने अथपासून इतिपर्यंत वाचली होती, जशी माणसं आजार झाल्यावर वाचतात.

तिने मला आत सरकवलं. गोदूची जन्मतारीख दाबली. मग रक्कम. एक, सहा, शून्य, शून्य.

"आई, भिंतीत कोणाचे पैसे असतात?" गोदूने विचारलं.

तृप्तीचं बोट शेवटच्या बटणावर थांबलं. बराच वेळ गेला. यंत्रालाही तो जास्त वाटला असावा. पडद्यावर अक्षरं आली. 'आपल्याला आणखी वेळ हवा आहे का?'

तृप्तीने 'नाही' दाबलं. मी रिकामाच बाहेर आलो. आयुष्यात एवढा हलका मी कधी झालो नव्हतो.

संध्याकाळी पुतळाबाई आली तेव्हा मालनबाई गोदूची वेणी घालत होत्या. तृप्तीने त्यांच्यासमोरच पाकीट ओट्यावर ठेवलं.

"मावशी, यात चौदाशे आहेत."

"आन् बाकीचे?"

"मी घेतले. बँकेचा दंड भरायला. तुम्हाला विचारलं नाही."

नळ चालूच होता. पुतळाबाईने आधी नळ बंद केला.

"मागितले असते तर दिले असते, ताई."

"माहीत आहे."

"पूजेला बसलेलं पाकीट व्हतं ते."

पुतळाबाईने चौदाशे मोजले, तेही दोनदा. पंधरा महिन्यांत तृप्तीने दिलेले पैसे तिने कधी मोजले नव्हते.

मग मालनबाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी गोदूची अर्धी वेणी तशीच हातात धरून ऐकलं.

"म्हणजे मी टीव्हीवाल्यांच्या पैशाला हात जोडले?"

"हो."

"एक शब्द बोलली असतीस, तर मी काय आडवी येणार होते?"

तृप्तीने त्यांच्याकडे पाहिलं. आल्या असत्या की नसत्या, हे त्या दोघींनाही आता कधीच कळणार नव्हतं.

हिरामण आला, त्यालाही सांगितलं. बोनसची गोष्ट ऐकून तो आधी हसला. मग त्याचं हसू गेलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणाला होतात. तू बी.कॉम. आहेस, तू बघ."

यावर त्याने स्वतःचं पाकीट काढून उघडून पाहिलं. घरात तेव्हा देण्यासारखं कोणाकडेच नव्हतं. दिवाळी नुकतीच खाऊन झाली होती.

बुधवारी तृप्ती पुतळाबाईसोबत भद्रकालीत गेली. सरिताही होती. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला तो उचललाच नाही. खलीलने चौदाशे घेतले, उरलेल्यांचं ऐकलं.

"बाकीचे मी देईन," तृप्ती म्हणाली. "दर बुधवारी दोनशे. त्यांचं देणं नाही ते, माझं आहे. व्याज काय होईल ते सांगा."

"व्याज?" खलीलने कानामागची पेन्सिल काढली. "वहिनी, ते आमच्याकडे घेत नाहीत. पण कॅशबॅकही नाही बरं का माझ्याकडे."

सरिता हसली. मग तृप्तीलाही हसू आलं, आणि डोळे पुसावे लागले. पुतळाबाई मात्र हसली नाही. ती मशीनच्या पट्ट्याला हात लावून बघत होती, ताण बरोबर आहे का ते.

त्याच रात्री मशीन घरी पोचलं. आठ बुधवार तृप्ती भद्रकालीत गेली. पैसे तिने शेजारच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरून उभे केले. तीनचाकीचा विषय पुन्हा निघाला नाही. गोदूनेही काढला नाही, कारण तिला तो कधी सांगितलाच नव्हता.

शेवटचे दोनशे दिल्यावर तृप्ती सरिताच्या घरी आली. पर्समधून मला काढलं.

"सरिता, तुझी कात्री दे."

"ताई, प्लास्टिकनं धार जाते कात्रीची."

"मग जुनी दे."

सरितानेच कापलं. एकदाच, मधोमध. दुखलं नाही, ठोका मात्र जन्माच्या वेळचा आठवला. डावा तुकडा तृप्तीने नेला. मला सरिताने उचलून उजेडात धरलं.

"कड सरळ आहे याची," ती म्हणाली. "काजांच्या खुणा करायला बरी."

तेव्हापासून मी इथे आहे. ब्लाउजच्या पट्टीवर मला ठेवतात, कडेने खडूची रेघ ओढतात, तिथे काज पडतं. माझ्या रुंदीइतकं अंतर, मग पुन्हा काज. एकतीस हजार उचलणारा मी आता दोन बोटं जागा मोजतो, आणि खरं सांगतो, हे माप कधी चुकत नाही.

तृप्तीने बँकेला कार्ड बंद करायला सांगितलं, तेव्हा फोनवरच्या आवाजाने नवं कार्ड देऊ केलं, दुप्पट कॅशबॅकचं, असं मी ऐकलं. तिने काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. तिचं मन मी ओळखतो. नाही म्हणाली असेल, आणि मग फोन ठेवल्यावर तासभर आपलं चुकलं का याची काळजी केली असेल.

पुतळाबाई अजून तिच्याकडे कामाला जाते. चहा घेते, गोदूला गोष्टी सांगते, दिवाळीला फराळ नेते. सगळं पूर्वीसारखं आहे. फक्त पगार झाला की ती आता दोनशे परत देत नाही. "ठेवा तुमच्यापाशी, ताई" हे वाक्य त्या घरात पुन्हा कोणी ऐकलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला पुतळाबाई पोस्टात जाते, रांगेत उभी राहते, दोनशे भरून अंगठा उठवते आणि बचतीचं पुस्तक या खणात माझ्या अंगावर ठेवते. माझी कंपनी सोळाशे बत्तीस घेऊन विसरली. हे पुस्तक मात्र विसरू देत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. माझी भावंडं अजून पुष्कळांच्या पाकिटात आहेत, माझ्याहून देखणी, माझ्याहून गोडबोली. त्यांच्याकडून तुमच्या हातात एखादा रुपया परत येईल. घ्या, तुमचाच आहे असं कागदावर लिहिलेलंच असेल. पण खिशात टाकण्याआधी एकदा मागे वळून बघा. रांगेत तेलाची बाटली घेऊन कोणी उभं असेल, पदराची गाठ सोडत.

सरिता मशीनवर बसलीय. पाय पट्टीवर आला. आता मला काजांच्या खुणा करायला उचलतील.